डीएनएच्या मॉडेलचा पीळ उजवाच हवा

रविवार पेठेतून चार रंगांचे मणी आणि वाकणारी तार आणली की वर्गात डीएनएची शिडी सहज उभी राहते. जोड्या मात्र मुलांनाच लावू द्या. चार रंग म्हणजे डीएनएचे चार घटक, ए, टी, जी आणि सी. ए-टी जोडीत २ हायड्रोजन बंध (दोन घटकांना धरून ठेवणारे हलके दुवे), जी-सीमध्ये ३, म्हणून पायरीत तेवढ्याच काड्या. मग विचारा, तापवल्यावर कुठला भाग आधी सुटेल? या प्रश्नाला घाई करू नका, खरं शिकणं इथेच होतं. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने जातात, म्हणून दोन्ही तारांवर उलट दिशांचे बाण चिकटवा.

आता पीळ: एका वेढ्यात साधारण १० जोड्या. समोरून पाहताना पुढची तार डावीकडून उजवीकडे वर चढली पाहिजे. छापील चित्रांतही हा पीळ कधीकधी उलटा असतो, अशी चित्रं मुलांना शोधायला लावा.