पिंपरी कॅम्पात सिंधी खायला जाताय? मग असं करा

1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली बरीच कुटुंबं पुण्याजवळच्या पिंपरीत वसली, त्यांचा हा कॅम्प. मेट्रोने पीसीएमसी स्टेशनला उतरा नाहीतर लोकलने पिंपरी, गाडी नकोच, बाजारात पार्किंग म्हणजे डोक्याला ताप.

सकाळीच जा आणि रिकाम्या पोटी जा, कारण दाल पकवान हा नाश्ता आहे, दुपारी विचारत बसू नका. पकवान म्हणजे मैद्याची जिरं-ओवा घातलेली कडक पुरी, टोचे मारून तळतात म्हणून फुगत नाही, सोबत हरभऱ्याची डाळ, दाणा दिसेल इतपतच शिजवलेली, वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि कांदा. डाळ सगळी एकदम ओतू नका हां, पकवान मऊ पडलं की मजाच गेली, तुकडा मोडायचा नि डाळ उचलायची. चमचा बाजूला ठेवा.

मग आलू टुक, बटाटा एकदा तळून, चेपून परत तळतात आणि वर तिखट-धनेपूड-आमचूर. कमळकाकडीचं काही दिसलं तर सोडू नका, मला तर ती बटाट्यापेक्षा भारी वाटते. कोकी म्हणजे जाड पोळी, कांदा-मिरचीची, टिकते बरीच, घरी बांधून न्या.

होळीच्या आसपास गेलात तर घीयर मागा, जिलबीची थोरली बहीणच, एकट्याने संपवायच्या भानगडीत पडू नका. गुढीपाडव्याच्या सुमारास चेटीचंड, म्हणजे सिंधी नववर्ष असतं, तेव्हा गर्दी तुफान, लहान मुलं सोबत असतील तर दुसरा दिवस बघा.