पाहुण्यांना नागपूर दाखवताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की बहुतेक घरांत एकच बेत ठरतो: झिरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव, मॉल आणि जाताना संत्रा बर्फीचा डबा. जागा चांगल्याच आहेत. पण त्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे सांगायचं राहून जातं. खूपदा आपणही तो कधी शोधलेला नसतो.

पाहुण्याचा प्रश्न उडवून लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. "इथे भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हिंदी का बोलतात?" असं पाहुणा विचारतो आणि आपण "आमच्याकडे असंच आहे" म्हणून पुढे चालू लागतो. थांबा, या प्रश्नात अर्धं शहर आहे. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर त्याची राजधानी होती. जबलपूर, रायपूर, छिंदवाड्याची हिंदी बोलणारी माणसं कामासाठी इथेच येत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात आलं आणि राजधानीपण गेलं. हे सांगितलं की सिव्हिल लाइन्समधले रुंद रस्ते, मोठाल्या इमारती आणि दर हिवाळ्यातलं विधिमंडळाचं अधिवेशन, सगळ्याचा उलगडा होतो.

मॉलमध्ये नेलंत तरी हरकत नाही, पण त्याचं नाव एम्प्रेस का, हे पाहुण्यानं विचारायच्या आत सांगा. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल याच जागेवर होती. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी ती सुरू झाली. तिथून दोन पावलांवरच्या गांधीसागराच्या काठावर पाहुण्यांना उभं करा. मग मॉल नुसती खरेदीची जागा उरत नाही.

ऐकीव माहिती ठोकून देणं

झिरो माइलला घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढायचा, "हा भारताचा मध्यबिंदू" असं सांगायचं आणि निघायचं. त्यापेक्षा खांबावर कोरलेली गावांची नावं आणि मैल मोठ्यानं वाचा: हैदराबाद, चांदा (आजचं चंद्रपूर), जबलपूर, बैतूल. त्या काळी शहराचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते लगेच कळतं. शेजारी १९०७ सालचा सर्वेक्षणाचा छोटा दगड आहे. त्यावरून समुद्रसपाटीपासूनची उंची मोजली जाई. लहान मुलांना तो घोड्यांपेक्षा जास्त आवडतो.

दीक्षाभूमी बाहेरूनच दाखवणं

गाडी थांबवून काचेतून घुमट दाखवणं म्हणजे न दाखवणंच. चपला काढून आत जा. १२० फूट व्यासाचा तो घुमट आतून पोकळ आहे, खाली बसल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. राजधानी गेली त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी.

दसऱ्याच्या सुमारास पाहुणे येणार असतील तर गर्दीच्या धाकानं अनेक जण हा भाग टाळतात. मला हे पटत नाही. गावोगावाहून आलेली माणसं पुस्तकांच्या दुकानांवर वाकून पुस्तकं निवडताना दिसतात, हे दृश्य इतर दिवशी मिळायचं नाही. गाडी घरी ठेवा, पाण्याची बाटली घ्या आणि म्हाताऱ्या पाहुण्यांना सकाळी लवकर न्या.

भर दुपारी आणि गाडीतूनच फिरवणं

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पाहुणा चिडचिडा झाला तर दोष बहुधा उन्हाचा असतो. सकाळी साडेसहाला तर्री पोहे खाऊन थेट महालात शिरा. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलेलं आणि पुढे भोसल्यांनी वाढवलेलं शहर ते हेच. इतवारीच्या गल्ल्यांत गाडी घालूच नका. मेट्रोनं चितारओळीला उतरा. गणपतीच्या आधी गेलात तर मूर्तिकार कामात बुडालेले दिसतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी-पिवळी मारबत पाहायची तर आधीच जागा धरून उभं राहावं लागतं, लहान मुलांना कडेवर घ्या.

किल्ला आणि सोमवार

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, रोज उघडा नसतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट यांसारख्या मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. एरवी त्याच टेकडीवरच्या टेकडी गणपतीला जा आणि १८१७ ची इंग्रज-भोसले लढाई तिथे उभं राहून सांगा. अजब बंगला (संग्रहालय) आणि महाराजबाग (प्राणिसंग्रहालय) सोमवारी बंद असतात.

तिखटाची पैज लावणं

सावजीला नेऊन पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणणं यात कसला आला पाहुणचार! हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण आहे, ते त्याच आदरानं वाढलं जावं. "तिखट कमी करा" म्हणून फारसा फरक पडत नाही, कारण मसाला आधीच तयार असतो. रस्सा वेगळ्या वाटीत मागवा, सोबत ज्वारीची भाकर घ्या. तरीही झेपलं नाही तर पाणी देऊ नका, दही द्या.

एप्रिलनंतर संत्र्यांचा आग्रह

आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. पाहुणे जूनमध्ये आले तर बर्फीवर भागवा आणि हिवाळ्यात पुन्हा बोलवा.