नाशकात नव्याने घर केलेल्यांसाठी: उभी गाडी, बॅटरी आणि सरकते फाटक

मी मूळचा भुसावळचा. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून नाशकात आलो आणि इथलाच झालो, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. दर उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत एखाददुसरे नवे बिऱ्हाड येते. कोणी मुंबईची खोली विकून आलेले असते, कोणी धुळे-जळगावकडचे, तर कोणी विदर्भातले. शाळा कोणती, दूध कोणाकडून आणि गंगापूर धरणाचे पाणी किती वाजता येते, हे त्यांना सांगणारे पुष्कळ भेटतात. गाडी जिथे उभी राहणार त्या जागेत काय हवे, हे मात्र कोणी सांगत नाही आणि मग पहिल्याच हिवाळ्यात एखाद्या सकाळी ‘काका, बॅटरी उतरलीय, तुमच्या गाडीला जोडायची वायर आहे का?’ असे विचारत कोणीतरी दारात उभे राहते. त्या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा प्रपंच.

आपल्याकडे गॅरेज म्हटले की मेकॅनिकचे दुकान डोळ्यांपुढे येते. घराचे गॅरेज म्हणजे रो-हाउसचा पोर्च, बंगल्याच्या बाजूची पत्र्याची शेड किंवा इमारतीखालची खांबांमधली जागा. मुंबईहून आलेल्यांना स्वतःची अशी जागा बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मिळते, आणि गंमत अशी की जागा मिळाल्यावर गाडीचे चालणे कमी होते. आठवडाभर मुंबईला जाणारा माणूस दुचाकीने नाशिक रोड स्टेशन गाठून पंचवटी एक्सप्रेसने जातो, भाजी आणि किराणा दोन-तीन किलोमीटरच्या आत मिळतो आणि गाडी रविवारी सोमेश्वर किंवा फार तर त्र्यंबकपर्यंत निघते. २०१५च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत जुन्या नाशकात खासगी वाहनांना मज्जाव होता, तेव्हा आमची गाडी सलग दोन आठवडे जागची हलली नव्हती आणि बॅटरी उतरण्याचा माझा पहिला धडा मला तेव्हाच मिळाला.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते, याचा हिशेब सोपा आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरघंटा आणि संगणक थोडी वीज घेतच असतात. वीस ते पन्नास मिलिअँपिअर इतका हा गळता प्रवाह सर्वसाधारण मानला जातो. तो तीस धरला तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या (एक अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) आसपास वीज जाते. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे महिनाभरात तिची निम्म्याहून अधिक वीज एकही फेरी न मारता संपते. त्यातच पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम, म्हणजे काचेमागचा कॅमेरा, लावला असेल, तर महिन्याची गोष्ट काही दिवसांवर येते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग कितीही चार्ज केली तरी तिची मूळची क्षमता परत येत नाही. उन्हाळ्याची झळ आतली झीज वाढवते, पण त्या झिजेचा हिशेब डिसेंबर-जानेवारीत चुकता होतो, कारण थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो आणि घट्ट झालेले तेल इंजिनाला जड करते. नाशिकची थंडी भुसावळच्या माणसाला सुखाची वाटते, बॅटरीला तशी वाटत नाही.

म्हणून चार्जर घेण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा. तो चारपाचशे रुपयांत मिळतो आणि माझ्या मते घरातल्या सगळ्या उपकरणांत पैशाला सर्वाधिक जागणारे उपकरण हेच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२च्या खाली आकडा गेला तर त्याच दिवशी चार्जिंगला लावायला हवे. गाडी नुकतीच चालवून आल्यावर घेतलेला आकडा फुगलेला असतो, त्यावर विश्वास ठेवू नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४च्या आसपास आकडा आला, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनित्र, आपले काम करतो आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकलेली आहे असे समजावे. एवढी माहिती हाताशी असली की दुकानदाराने ‘बॅटरी गेली साहेब’ म्हटल्यावर निमूटपणे मान डोलवावी लागत नाही.

यानंतरची वस्तू म्हणजे बॅटरी मेंटेनर. जुन्या पद्धतीचा ट्रिकल चार्जर बॅटरी भरली तरी वीज ढकलतच राहतो आणि आतले पाणी आटवतो. मेंटेनर मात्र भरलेली बॅटरी ओळखून १३.२ ते १३.६ व्होल्टवर थांबतो आणि जितकी वीज गळते तितकीच परत देतो. त्यामुळे तो दिवसेंदिवस लावून ठेवता येतो. गाडीसाठी तीन-चार अँपिअरचा आणि स्कूटरच्या चार-पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी अर्ध्या-एक अँपिअरचा पुरेसा होतो. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास प्रवाह, हा जुना नियम अजूनही उपयोगी आहे. खरेदी करताना उलट जोडणीपासून संरक्षण आहे का आणि एजीएम बॅटरीसाठी (म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषून ठेवलेल्या बंद बॅटरीसाठी) वेगळी निवड आहे का, हे पाहावे. काही मोटरसायकलींना हल्ली लिथियम बॅटरी असते. तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे शटर पूर्ण लावून कोंदट जागेत हा उद्योग करू नये, आणि शेजारी देवाचा दिवा किंवा उदबत्तीही नको. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडणार नाही.

इमारतीत राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, कारण खाली आपल्या मीटरवरचा प्लग बहुधा नसतो. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन सोडण्याची कल्पना डोक्यातून काढून टाकावी. सोसायटीला अर्ज देऊन स्वतःच्या मीटरवरून अर्थिंगसह आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचसह) प्लग घेणे हाच रास्त मार्ग आहे, आणि उद्या विजेवरची स्कूटर घेतली तर तो तिथेही उपयोगी पडेल. परवानगी मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत नव्हे, तर महामार्गावरून अर्धा-पाऊण तास फिरवून आणावी. नुसती जागेवर पाच मिनिटे घुरघुरवल्याने सेल्फला गेलेली वीजही नीट भरून निघत नाही.

बसलेल्या बॅटरीची गाडी सुरू करून देणारा, लिथियमचा खिशात मावेल असा जम्प स्टार्टर मात्र सर्वांनी घ्यावा, कारण त्यामुळे शेजाऱ्याची गाडी आणि वायर दोन्ही मागावी लागत नाहीत. फक्त तो गाडीतच ठेवून विसरू नये. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीतली उष्णता लिथियमला बाधते आणि दर तीन महिन्यांनी तोही चार्ज करावा लागतो. वायरच वापरायची झाली तर लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीला आणि मग चांगल्या बॅटरीला, काळा चिमटा चांगल्या बॅटरीला आणि शेवटचा काळा बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, हा क्रम मोडू नये.

टोकांवर जमणारा पांढरा-हिरवट थर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने निघतो, नंतर पेट्रोलियम जेली चोपडावी. ज्या बॅटरीला बुचे आहेत तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. घरातल्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, तेव्हा ते चालत नाही. हाच नियम इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही लागू आहे.

आता फाटकाकडे वळू. नव्या रो-हाउसला हल्ली मोटरचे सरकते फाटक किंवा मोटरचे शटर असते आणि ते मोबाइलवरून उघडावे अशी घरातल्या मुलांची इच्छा असते. त्याआधी मोटर सोडवून फाटक एका हाताने ढकलून पाहावे. ते अडखळत असेल, तर दोष रुळात साचलेल्या मातीचा आणि झिजलेल्या चाकांचा आहे. ते दुरुस्त न करता मोटर बसवली तर ती लवकरच जळते. दुसरी गोष्ट म्हणजे फाटकाच्या वाटेत कोणी आले तर ते थांबवणारा इन्फ्रारेड डोळा. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या दारांना अशी सुरक्षा १९९३पासून कायद्याने सक्तीची आहे, आणि ती लहान मुले दाराखाली सापडून दगावल्यानंतर आली. आपल्याकडे बसवणारा माणूस ‘नको असेल तर पैसे कमी करतो’ म्हणतो. तिथे पैसे वाचवू नयेत. मोबाइलवरून फाटक बंद करताना आपण ते पाहत नसतो, म्हणून तर हा डोळा अधिकच गरजेचा ठरतो.

फाटक मोबाइलवरून चालवणाऱ्या स्मार्ट नियंत्रकाचे काम तसे किरकोळ आहे. मोटरच्या सर्किट बोर्डावर भिंतीवरच्या बटणासाठी दोन टोके असतात आणि नियंत्रकातला रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, ती टोके क्षणभर जोडतो, म्हणजे बटण दाबल्यासारखेच होते. हा रिले कोरड्या संपर्काचा, म्हणजे स्वतःची वीज त्या टोकांवर न सोडणारा हवा. चुकीचा रिले लावून बोर्ड जाळल्याचे मी दोन घरांत पाहिले आहे. त्याबरोबर चुंबकाचा सेन्सर घ्यावाच, कारण त्याच्याशिवाय मोबाइलला आपण आज्ञा दिली एवढेच कळते, फाटक खरेच बंद झाले की नाही हे कळत नाही. ही उपकरणे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. स्लॅब आणि भिंती ओलांडून तो पोर्चपर्यंत पोहोचतो का, हे खरेदीआधी मोबाइल हातात घेऊन तपासावे. सोबतचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, आणि रिमोट दर वेळी कोड बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचा आहे ना, हे विचारून घ्यावे. एकच कोड असलेल्या रिमोटची नक्कल बाजारात काही मिनिटांत होते.

या सगळ्यात सर्वांत विसरली जाणारी बॅटरी म्हणजे खुद्द फाटकाची. चोवीस व्होल्टच्या मोटरच्या पेटीत बहुधा बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरच्या दोन छोट्या बंद बॅटऱ्या असतात, त्या दोन-तीन वर्षांत थकतात आणि थकल्याचे कोणी सांगत नाही. कॅलिफोर्नियात २०१७च्या वणव्यांच्या वेळी वीज गेल्याने लोक गॅरेजमध्ये अडकले, म्हणून २०१९पासून तिथे नव्या यंत्रांना बॅटरी सक्तीची झाली. आमच्याकडे वळवाचा पाऊस पुरतो. एका मे महिन्यात आम्ही रात्री अकराला भुसावळहून परतलो, तेव्हा गल्लीत अंधार होता, फाटकाची बॅटरी मेलेली होती आणि मोटर हाताने सोडवायची किल्ली घरात खुंटीवर होती. पन्नाशीच्या माणसाने कंपाउंडच्या भिंतीवर चढावे आणि शेजारच्या आजींनी ‘कोण रे तिकडे?’ म्हणून टॉर्चचा झोत टाकावा, हा प्रसंग सौभाग्यवती अजूनही पाहुण्यांना सांगतात.

तेव्हापासून मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटरचा मुख्य स्विच बंद करून फाटक बॅटरीवर दोनदा उघडमीट करून पाहतो, पावसाळ्यापूर्वी पेटीच्या वायरींची भोके सिलिकॉनने बुजवतो, कारण पालींना आणि मुंग्यांना त्या उबदार बोर्डाची फार ओढ असते, आणि वीज गेली तरी वायफाय चालू राहावे म्हणून राउटरची जोडणी इन्व्हर्टरवर ठेवतो. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानातच परत करतो. २०२२च्या नियमांनी त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. फाटकाच्या किल्लीचा एक जोड त्याच आजींकडे असतो.