टर्बो सगळ्यात शेवटी: घरच्या गॅरेजात स्पोर्ट्‌स कार बांधताना

गाडी बांधायचीय म्हणून विचारायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न टर्बोचा, म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा असतो. कुठला घेऊ, किती बूस्ट (हवेचा जादा दाब) ठेवू, पाय उचलल्यावर तो फुस्स आवाज येईल ना. मी उलट विचारते, गॅरेजच्या दाराची रुंदी किती? मग सगळे गप्प. पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या बंगल्याच्या बाजूला पत्र्याची शेड घालून मी जी गाडी बांधली, तिची रुंदी फाटकावरून ठरली.

मी भोसरीला एका टूलरूममध्ये जिग-फिक्स्चर, म्हणजे काम करताना भाग मापात पकडून ठेवणारे साचे, डिझाइन करते. त्यामुळे माझं सांगणं जरा शिस्तीचं वाटेल, वाटू दे. आग्रह एकच आहे: आधी गाडी टर्बोशिवाय पूर्ण करा. ती सुरू होऊ दे, वळू दे, मुख्य म्हणजे थांबू दे. चासी (गाडीचा सांगाडा) नवी, वायरिंग नवं, ब्रेक नवे, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नवा, आणि त्यातच टर्बोही पहिल्या दिवसापासून बसवला, तर इंजिन आचके द्यायला लागल्यावर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

कायद्याचं आधी उरकते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शून्यातून बांधलेली गाडी तर रस्त्यावर आणायचा विचारही करू नका. ही गाडी ट्रॅकची. कोइमतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, आणि तिथवर ट्रेलरवरून. सुरुवातीच्या चाचण्यांसाठी ओळखीतल्या कुणाचं कंपाउंड घातलेलं आवार मिळवा, मालकाच्या परवानगीने. ‘फक्त सिंहगड रोडपर्यंत एक चक्कर’ नाही म्हणजे नाही.

आराखडा लोटस सेव्हनचा घ्या. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये आणलेली ही मांडणी घरी बांधायला अजूनही सगळ्यात सोयीची आहे: चौकोनी-गोल नळ्यांचा पिंजरा, इंजिन पुढे, त्याची ताकद मागच्या चाकांना, दोन सीट, वर छप्पर नाही. इंजिनाला आपल्याकडे मारुती जिप्सीइतकं सोयीचं काही नाही. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती, आणि मुळातच उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. शिवाय जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. ती काढली की गिअरबॉक्सपासून सरळ मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट नेता येतो. ट्रान्सफर केसमधलं रिडक्शन गेल्याने सगळे गिअर उंच होतात, म्हणजे वेग वाढतो, ओढ कमी होते, पण साडेसहाशे किलोच्या आतल्या गाडीला ते चालतं. एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण आडवं, गाडीच्या रुंदीत बसणारं, त्याचा गिअरबॉक्स आपल्या कामाचा नाही.

इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल अधिकृत स्क्रॅप केंद्रातून किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडून घ्या, पण बिलावर इंजिन नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे पान्हे, व्हाइस, जुने डायल गेज छान मिळतात, इंजिन नव्हे. बेअरिंग, सील, गॅसकेट नाना पेठेत. कटिंग व्हील, ड्रिल, टॅप बोहरी आळीत. सेन्सरसाठीची वायर, रिले, फ्यूज बॉक्स तपकीर गल्लीत.

आता चासी. इथे मी रेंगाळणार आहे.

आधी टेबल करा, चासी नंतर. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणा, खाली लोखंडी चौकट द्या आणि पाण्याच्या लेव्हल ट्यूबने चारही कोपरे एका पातळीत आणा. प्लायवर चासीचा खालचा नकाशा पूर्ण मापात आखा. मधोमध एक रेघ मारा आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका, कारण पुढचं प्रत्येक माप त्या रेघेपासून घ्यायचंय, शेजारच्या नळीपासून नाही. शेजारच्या नळीपासून मोजत गेलात की अर्धा-अर्धा मिलिमीटर साठत जातो आणि शेवटी डावं चाक उजव्याच्या पुढे निघतं.

नळी २५ बाय २५ची, १.६ मिलिमीटर जाडीची, काळी. गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डही भिकार होतो. प्रत्येक नळी कापून, टोकं घासून, प्लायवर ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यांमध्ये घट्ट बसवा. मग फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारा. सगळी चासी टॅकवर उभी राहिली की कर्ण मोजा. डावा कर्ण आणि उजवा कर्ण यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडा, आत्ता तोडणं स्वस्त आहे. पूर्ण वेल्ड मधून बाहेर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, थोडं थोडं. एका कोपऱ्यात बसून सगळे जोड भरले तर वेल्ड ओढतो आणि पिंजरा पिळला जातो, मग तो सरळ करणारा माणूस पुण्यात सापडत नाही.

चौकटीला तिरकी नळी नसेल तर ती चौकट नाही, दार आहे. इंजिनाच्या जागेत तिरक्या नळ्या नकोशा वाटतात, कारण हात जात नाही. तिथे बोल्टने निघणारी तिरकी पट्टी द्या. आणि एग्झॉस्टच्या बाजूला आत्ताच मोकळी जागा राखून ठेवा. टर्बो शेवटी बसवायचा असला तरी त्याची जागा आजच ठरते. पुठ्ठ्याचा टर्बो करून इंजिनाला लावून बघा. स्टिअरिंगचा दांडा तिथूनच जातो, हे बहुतेकांना फार उशिरा आठवतं.

वेल्डिंगला सिंगल फेजचं मिग मशीन (वायर आपोआप पुढे सोडणारं) आणि ०.८ मिलिमीटरची वायर पुरते. त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतःचा एमसीबी घ्या, गीझरच्या प्लगवर चालवू नका. पेट्रोलची टाकी आणि वेल्डिंग एका छपराखाली नको. अग्निशामक दाराजवळ ठेवा, कोपऱ्यात टेबलामागे नको, आग बहुधा तिथेच लागलेली असते. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेकचे जोड मी स्वतः वेल्ड करत नाही. ते आमच्या वेल्डरमामांकडून, टिग (जास्त नेमकं, हातकौशल्याचं वेल्डिंग) करून. मी मापं घेण्यात बरी आहे, मामा हातात बरे आहेत, आणि त्या जोडांवर जीव टांगलेला असतो. शेजारधर्म म्हणून दुपारी एक ते चार ग्राइंडर बंद. हा नियम कलम ५२ पेक्षा कडक पाळला जातो.

सस्पेन्शन थोडक्यात. मागे जिप्सीचा अ‍ॅक्सल, पाट्यांऐवजी चार लिंक, अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणारा एक पॅनहार्ड रॉड आणि कॉइलओव्हर (स्प्रिंगमध्ये बसवलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर). पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली एकेक त्रिकोणी दांडा. स्टिअरिंग रॅक छोट्या मारुतीचा घेतलात तर एक बघा: मूळ गाडीत रॅक अ‍ॅक्सलच्या मागे असेल आणि तुम्ही तो पुढे आणून स्टिअरिंग आर्मही पुढे वळवलेत, तर चाकं उलटी वळतात. रॅक उलथा बसवला की दिशा परत येते. ब्रेकला दोन स्वतंत्र सर्किटचा मास्टर सिलिंडर हवाच. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून घ्या आणि त्याच्याभोवती लोखंडी कडं घाला, युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर शाफ्ट तुमच्या मांडीशेजारी फिरत असतो.

यानंतर गाडी साध्या इंजिनावर चालवा. कूलिंग, ऑइल प्रेशर, क्लच, ब्रेकचा तोल, सगळं याच अवस्थेत नीट करा. ईसीयूही आत्ताच बदला. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा उघडा ईसीयू (ज्याचे आकडे आपल्याला बदलता येतात), इंजिनाची स्थिती कळायला क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं चाक (३६ जागा, त्यातला एक दात गाळलेला), आणि इंधन-हवेचं प्रमाण मोजायला एग्झॉस्टमध्ये बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर. साध्या इंजिनावर इंधनाचा नकाशा (कधी किती इंधन द्यायचं त्याचा तक्ता) स्वच्छ बसला की टर्बोचं अर्धं काम झालं.

आता टर्बो. नुसतं ‘मोठा चांगला’ म्हणून चालत नाही, हिशोब करा. १२९८ सीसीचं इंजिन ६५०० आरपीएमला, ८५ टक्के भरलं जातं असं धरलं, तर मिनिटाला साधारण ३.६ घनमीटर हवा ओढतं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार. अर्धा बार बूस्ट म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये १.४५ बार, आणि टर्बोला करावं लागणारं दाबाचं गुणोत्तर १.५३. इंटरकूलरनंतर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) हवा ५० अंशांवर आली तर मिनिटाला ५.६ किलो हवा. त्यातून ११५-१२० अश्वशक्ती निघते. म्हणजे १२० अश्वशक्तीच्या १.२ लिटर टर्बो-पेट्रोल गाडीचा टर्बो आपल्याला जवळपास मापात बसतो. फ्लँजला सुटा निघणारा बघा, काही नव्या इंजिनांत एग्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर गोळा करणाऱ्या नळ्या) हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातच ओतलेला असतो. डिझेलचे टर्बो भंगारात ढिगाने मिळतात, पण पेट्रोलचा एग्झॉस्ट ९०० अंशांपर्यंत जातो, त्यात डिझेलच्या व्हेरिएबल टर्बोची हलती पाती अडकतात. स्वस्त पडेल म्हणून घेऊ नका.

पिस्टन आणि कॉम्प्रेशन मूळचंच ठेवा आणि बूस्ट अर्ध्या बारवर थांबवा. १९६२च्या ओल्ड्‌समोबिल जेटफायरने १०.२५ कॉम्प्रेशनवर टर्बो लावला होता आणि इंजिन ठोकू नये, म्हणजे इंधन अवेळी भडकू नये म्हणून पाणी-मिथेनॉलची बाटली दिली होती. मालक बाटली भरायला विसरायचे. आपल्याकडे तर मे महिन्यात ४० अंशांची हवा टर्बोतून १०० अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर चैनीचा नाही, नाकात सरळ वाऱ्यासमोर बसवा.

टर्बो मरतात ते तेलाने. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेतो, तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत. तेल आत जाणं सोपं आहे, ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावा. बाहेर येणं अवघड, कारण ते दाबाने येत नाही, वजनाने खाली पडतं, तेही फेसाळून. परतीची नळी आतून १६ ते १९ मिलिमीटर, शक्यतो सरळ खाली, मध्ये कुठेही पोट न सोडता, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली. नळी तुंबली की तेल सीलमधून एग्झॉस्टमध्ये जातं, निळा धूर येतो आणि लोक टर्बो खराब म्हणून नवा आणतात. नवाही तेच करतो.

एग्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी प्रोसेस प्लांटच्या पाइपचे सव्वा इंची, शेड्यूल १०च्या जाडीचे, एसएस ३०४ स्टेनलेसचे एल्बो घ्या. फ्लँज १० मिलिमीटर, लेझर कटिंग करून. वेल्ड करताना फ्लँज एखाद्या रद्दी हेडला बोल्टने घट्ट आवळून ठेवा, थंड झाल्यावरच सोडा, मग तोंड मिलिंगवर सपाट करून घ्या. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लटकवू नका, इंजिन ब्लॉकवरून आधार द्या. चासीवरून दिलात तर इंजिन हलताना काहीतरी तुटेल.

इंधनाचं गणित आता ई२०वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) करा. शुद्ध पेट्रोलचं १४.७ हवा-इंधन गुणोत्तर ई२०ला साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे त्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त. ही भर धरून, इंधन फवारणारा इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून, प्रत्येकी मिनिटाला २४० सीसीच्या आसपासचे घ्या. जिप्सीच्या जुन्या रबरी इंधन नळ्या फेकून द्या, इथेनॉल त्या खातं. वाइडबँडचं मीटर लॅम्डामध्ये (१ म्हणजे नेमकं पुरेसं इंधन, त्याखाली जादा इंधन) वाचा, इंधन बदललं तरी आकडा तोच राहतो: बूस्टमध्ये ०.८०-०.८२. इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डची नळी जोडा, म्हणजे बूस्टबरोबर इंधनाचा दाबही वाढेल. प्लगचा गॅप ०.७ मिलिमीटर, मूळच्यापेक्षा एक पायरी थंड प्लग. बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला (सुमारे ०.०७ बार) इग्निशन एक अंश मागे, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा, हा सुरुवातीचा अंदाज. पुढे कान वापरा. तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टने आवळा, दुसरं टोक रबरी नळीने जुन्या इअरमफमध्ये. इंजिन ठोकलं की टाचण्या सांडल्यासारखं ऐकू येतं, लॅपटॉपच्या आलेखाआधी.

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टरच्या वायरी काढून ठेवा आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसतं क्रँक करा, टर्बो कोरडा फिरता कामा नये. मग वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ०.३५ बारची लावा आणि ईसीयूमध्ये ०.५ला कट ठेवा, म्हणजे बूस्ट त्यावर गेला की इंजिनाची ताकद तुटेल. तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल, लॉग (ईसीयूने नोंदलेले आकडे) बघा, थोडं वाढवा, परत लॉग बघा. सोबत एक माणूस लॅपटॉप घेऊन हवा, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही. हे स्थिर झालं की मग अर्ध्या बारची स्प्रिंग, आणि कट ०.६५ला.

प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा, नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं तेल जळून कोळसा होतं. पहिल्या गरम-थंड फेऱ्यांनंतर एग्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट ढिले झालेले असतात, थंड इंजिनावर टॉर्क रेंचने परत आवळा. तांब्याचा मुलामा दिलेले लॉकनट वापरा, साधे नट लालभडक होऊन स्टडला चिकटतात आणि पुढच्या वेळी स्टडसकट हातात येतात.