वैद्यकीय नियतकालिकातील पीअर रिव्ह्यू : निबंध पाठवण्यापासून निर्णयापर्यंत

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांचा पहिला शोधनिबंध बहुधा त्यांच्या थीसिसमधून निघतो. तो नियतकालिकाच्या संकेतस्थळावर एकदा चढवला की पुढचे काही महिने ‘अंडर रिव्ह्यू’ एवढेच शब्द दिसत राहतात. पडद्यामागे त्याच विषयातील तज्ज्ञांकडून निबंधाची तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू किंवा समीक्षा, कशी चालते याची कल्पना नसल्यामुळे समीक्षक म्हणजे परीक्षक आणि त्याने उत्तीर्ण केले की निबंध छापून येतो, असा समज करून घेतला जातो. वास्तविक समीक्षक हा संपादकाचा सल्लागार असतो. दोन समीक्षकांनी अनुकूल मत दिलेला निबंध संपादक नाकारू शकतो आणि एकाने झोडपलेला निबंध सुधारणेसाठी परत पाठवू शकतो. म्हणून सोबतच्या पत्रापासून शेवटच्या खुलाशापर्यंत लेखकाने जे लिहायचे, ते विषयाची साधारण जाण असलेल्या, पण आपल्या उपशाखेत मुरलेल्या नसलेल्या आणि वेळेची चणचण असलेल्या संपादकासाठी लिहायचे.

पाठवण्याआधी

नियतकालिक निवडताना त्याच्या घोषणांपेक्षा त्यात छापलेले निबंध पाहावेत. बहुतेक चांगली नियतकालिके प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर तो मिळाल्याची, सुधारून आल्याची आणि स्वीकारल्याची तारीख छापतात. आपल्या विषयावरील अलीकडच्या चार-पाच निबंधांच्या या तारखा पाहिल्या की समीक्षेला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, ते कळते. मिळाल्यानंतर चार दिवसांत स्वीकारलेले निबंध एकामागून एक दिसले, तर तेथे समीक्षा होत नाही असे खुशाल समजावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघत आहे. अशी नियतकालिके हाताशी असताना, ‘आठवड्यात प्रकाशनाची हमी’ देणाऱ्या ईमेलला उत्तर देण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवावा. दोन ठिकाणी पाठवून आधी होकार येईल तिथे छापू, हा व्यवहार गैरवर्तनात मोडतो आणि तो उघडकीला येण्याची शक्यताही मोठी असते, कारण अरुंद विषयात दोन्ही संपादक एकाच तज्ज्ञाचे दार ठोठावतात.

कार्यालयातील पहिली चाळणी

निबंध पोहोचल्यावर तो आधी कोणी तज्ज्ञ वाचत नाही. कार्यालयातील कर्मचारी शब्दमर्यादा, तक्ते, लेखकांच्या सह्या, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि रुग्णांच्या संमतीचा उल्लेख तपासतात, तसेच सॉफ्टवेअरच्या मदतीने अन्य लेखनाशी असलेले साम्य पाहतात. उपचारांची चाचणी असेल, तर नोंदणी क्रमांक लागतो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून नोंदणी नसलेल्या चाचण्या न छापण्याचे धोरण स्वीकारले, आणि भारतात त्यासाठी २००७ मध्ये क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सुरू झाली. ही नोंदणी पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वीच व्हावी लागते. थीसिससाठी केलेल्या लहान चाचणीलाही हा नियम लागू आहे, हे अनेकांना निबंध लिहायला बसल्यावर समजते आणि तेव्हा काही करता येत नाही.

अनेक भारतीय नियतकालिकांत समीक्षा दोन्ही बाजूंनी अनामिक असते, म्हणजे लेखकाला समीक्षक कळत नाही आणि समीक्षकाला लेखक. अशा ठिकाणी नावे, संस्था आणि आभार यांची फाइल वेगळी द्यावी लागते. मुख्य निबंधातून संस्थेचे नाव काढताना कार्यपद्धतीतील ‘के.ई.एम. रुग्णालयाच्या बालरोग विभागात’ यासारखी नावानिशी वाक्ये, तक्त्याखालची टीप, क्ष-किरण चित्रावर उमटलेले रुग्णालयाचे व रुग्णाचे नाव आणि फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नाव या चार जागा हमखास निसटतात. याउलट अनेक मोठ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत समीक्षकाला लेखकांची नावे दिसतात, आणि ‘बीएमजे’ (ब्रिटिश मेडिकल जर्नल) या नियतकालिकाने तर १९९९ पासून समीक्षकाचेही नाव लेखकाला कळवण्यास सुरुवात केली.

संपादकाचे टेबल

यानंतर संपादक सारांश, तक्ते आणि कार्यपद्धती चाळून निबंध समीक्षकांकडे पाठवायचा की नाही ते ठरवतो. मोठ्या नियतकालिकांत बहुसंख्य निबंध येथूनच परत जातात. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात, आणि तो लवकर मिळाला तर उपकारच मानावा, कारण तीन महिने अडकून पडण्यापेक्षा आठवड्यात मिळालेला नकार परवडतो. सोबतच्या पत्राचा उपयोग येथेच होतो. ‘आपल्या प्रतिष्ठित नियतकालिकात’ अशी सुरुवात करण्याऐवजी प्रश्न कोणता होता, आधी काय माहीत होते आणि या अभ्यासाने त्यात कोणती भर पडली, हे चार वाक्यांत सांगावे.

पुढे गेलेल्या निबंधासाठी बहुधा दोन किंवा तीन समीक्षक शोधले जातात. संपादक ते आपल्या यादीतून, निबंधाच्या संदर्भसूचीतून किंवा लेखकाने सुचवलेल्या नावांतून निवडतो. काम सहसा बिनपैशाचे असल्यामुळे नकार भरपूर येतात, उत्तर न देणारेही बरेच असतात, आणि ‘समीक्षक निमंत्रित’ ही स्थिती कित्येक आठवडे हलत नाही ती त्यामुळेच. नियतकालिकाने सांगितलेली मुदत उलटून महिना झाला, तर एक नम्र चौकशी जरूर करावी. नावे सुचवताना आपले गाईड, सहलेखक किंवा त्याच संस्थेतील सहकारी टाळावेत आणि संस्थेचा अधिकृत ईमेल द्यावा. बनावट पत्ते देऊन लेखकांनी वा मध्यस्थांनी स्वतःच समीक्षा लिहिल्याच्या संशयावरून २०१५ मध्ये ‘बायोमेड सेंट्रल’ या प्रकाशनसंस्थेने ४३ निबंध मागे घेतले होते, तेव्हापासून खासगी पत्त्यांकडे संशयानेच पाहिले जाते.

समीक्षक काय पाहतो आणि त्याच्या नजरेतून काय सुटते

चांगला समीक्षक आधी कार्यपद्धती वाचतो. रुग्ण कसे निवडले, कोणाला वगळले, मुख्य परिणाम कोणता ठरवला होता, मोजणाऱ्याला रुग्णाचा गट माहीत होता का आणि तक्त्यांतील आकड्यांची बेरीज जुळते का, हे पाहून झाल्यावर तो निष्कर्षाकडे वळतो. त्याचे काम सोपे व्हावे म्हणून अभ्यासाच्या प्रकारानुसार तपासयाद्या उपलब्ध आहेत : यादृच्छिक चाचण्यांसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब, पद्धतशीर आढाव्यांसाठी प्रिझ्मा. या याद्या निबंध पूर्ण झाल्यावर भरायच्या नसून लिहायला बसतानाच समोर ठेवायच्या असतात.

तरीही समीक्षेचे सामर्थ्य मर्यादित आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘बीएमजे’च्या संपादकांनी एका निबंधात मुद्दाम आठ उणिवा पेरून तो ४२० समीक्षकांकडे पाठवला. उत्तर देणाऱ्यांनी सरासरी दोनच उणिवांवर बोट ठेवले, आणि १६ टक्क्यांना एकही दिसली नाही. त्यातही समीक्षकासमोर कागदावरचे असते, मूळ नोंदी सहसा नसतात. कोविडवर वापरल्या गेलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधासंबंधीचा, ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारल्याचा दावा करणारा निबंध ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध केला आणि ४ जूनला तो मागे घेण्यात आला, कारण माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फीअर या कंपनीने ती स्वतंत्र तपासणीसाठी दिली नाही. आकड्यांतील विसंगतींवर बोट ठेवले ते प्रकाशनानंतरच्या वाचकांनी. तेव्हा समीक्षेतून पार पडला म्हणून निबंध खरा, असे मानू नये, आणि मूळ नोंदी व विश्लेषणाच्या फाइली प्रकाशनानंतरही जपून ठेवाव्यात.

निर्णयाचे पत्र आणि त्याला उत्तर

पहिल्याच फेरीत विनाअट स्वीकृती क्वचित मिळते. किरकोळ सुधारणा, मोठ्या सुधारणा किंवा नकार यांपैकी एक पत्र येते. मोठ्या सुधारणांचे पत्र पाहून खचण्याचे कारण नाही, संपादकाला निबंधात रस आहे असाच त्याचा अर्थ असतो. मात्र ते पत्र आल्या दिवशी उत्तर लिहू नये. सहलेखकांना पाठवावे, एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग संपादकाने स्वतः लिहिलेला परिच्छेद आधी वाचावा, कारण समीक्षकांच्या पंधरा मुद्द्यांपैकी त्याला कोणते महत्त्वाचे वाटतात, हे बहुधा तेथेच सांगितलेले असते.

उत्तरात प्रत्येक मुद्दा समीक्षकाच्याच शब्दांत उतरवावा, त्याखाली आपले म्हणणे द्यावे, आणि बदल कोठे केला तो पान व ओळ सांगून बदललेले वाक्यही तेथेच उद्धृत करावे, म्हणजे संपादकाला दोन फाइली ताडून पाहाव्या लागत नाहीत. समजा, नमुन्याचा आकार, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे तो आकडा, कसा ठरवला असे विचारले आहे. ‘आभारी आहोत, योग्य तो बदल केला आहे’ हे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नाही. ‘नमुन्याचा आकार आधी गणिताने काढलेला नव्हता, वर्षभरात आलेले सर्व पात्र रुग्ण घेतले होते. हे आता कार्यपद्धतीत पान ५, ओळ १२ येथे स्पष्ट केले आहे, मर्यादांमध्ये नोंदवले आहे आणि मुख्य निष्कर्षासोबत ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल दिले आहे,’ हे उत्तर उणीव मान्य करते आणि तरीही निबंध पुढे नेते. हाती आलेल्या निकालावरून उलटे गणित मांडून तेच आधीचे नियोजन होते असे भासवणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्या समीक्षकाला तो लगेच कळतो.

समीक्षकाची प्रत्येक सूचना मान्य केलीच पाहिजे असे नाही. त्याचा मुद्दा चुकीचा असेल, तर पुराव्यासह आणि चढा सूर न लावता तसे लिहावे. समीक्षकाला मुद्दा समजलाच नसेल, तर आपले वाक्य संदिग्ध होते का, हे आधी तपासावे, कारण पुष्कळदा ते असतेच. दोन समीक्षक परस्परविरोधी मागण्या करत असतील, तर एक मार्ग निवडून त्याचे कारण द्यावे आणि विरोध संपादकाच्या नजरेस आणावा. जे मागितलेले नाही असे नवे विश्लेषण गुपचूप घुसडू नये. सुधारताना स्वतःची चूक सापडली, तर ती उत्तरात उघडपणे सांगावी.

नकार आल्यास अपील करता येते, पण समीक्षकाने वस्तुस्थितीत चूक केली असेल तरच. ‘आमचा विषय महत्त्वाचा आहे’ हा अपिलाचा आधार होत नाही. दुसरीकडे पाठवण्यापूर्वी मिळालेल्या सूचनांनुसार निबंध सुधारावा. तो पुन्हा त्याच समीक्षकापुढे येऊ शकतो, आणि एकही शब्द न बदलता आलेला निबंध पाहून त्याचे मत काय होईल, ते सांगायला नको.

तुम्हालाच निमंत्रण आले तर

एक-दोन निबंध प्रसिद्ध झाले की समीक्षेची निमंत्रणे येऊ लागतात. विषय आपला नसेल, लेखकांशी हितसंबंध असतील किंवा वेळ नसेल, तर त्याच दिवशी नकार कळवावा आणि जमल्यास दुसरे नाव सुचवावे. स्वीकारल्यास अहवालाच्या आरंभी निबंधाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडावे, मग मोठे मुद्दे व किरकोळ मुद्दे वेगवेगळे क्रमांक देऊन लिहावेत. ‘स्वीकारावा’ किंवा ‘नाकारावा’ ही शिफारस लेखकासाठीच्या रकान्यात लिहू नये, ती संपादकासाठी असलेल्या गोपनीय रकान्यात जाते. पण लेखकाची स्तुती करून संपादकाला गुपचूप नकार सुचवणे हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. गरज नसताना आपलेच निबंध उद्धृत करण्याची मागणी करू नये.

हाती आलेला निबंध गोपनीय असतो. विद्यार्थ्याची मदत घ्यायची असेल, तर आधी संपादकाची परवानगी घ्यावी आणि त्याचे नाव अहवालासोबत कळवावे. अहवाल लिहून घेण्यासाठी तो निबंध चॅटबॉटसारख्या साधनात टाकणेही या गोपनीयतेचा भंग ठरू शकते, तेव्हा संबंधित नियतकालिकाचा नियम वाचल्याशिवाय तसे करू नये. अहवाल पाठवून झाल्यावर निबंधाची आपल्याकडील प्रत काढून टाकावी.