कुत्र्याला मधुमेह झालाय? मग या चुका टाळा

"ताई, पंधरा दिवस झाले, शुगर अजून तीनशेच्या खाली येत नाही. डॉक्टर बदलू का?"

असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. आमच्या चिंगीला साडेतीन वर्षं मधुमेह होता. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात, रोज दोन इंजेक्शनं. हिशेब केला तर अडीच हजारांवर जातात. साताऱ्यात ओळखीपाळखीत कुणाच्या कुत्र्याला हा आजार निघाला की माझा नंबर दिला जातो. मी डॉक्टर नाही. पण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा ऐकून आता जीव तुटतो, कारण त्यातल्या बहुतेक चुका माहीत असत्या तर झाल्याच नसत्या.

गोळ्या नाहीत का हो?

नाहीत. पहिला प्रश्न हाच असतो, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. घरात आजोबांना मधुमेह असतो, त्यांचं गोळ्यांवर भागतं, मग कुत्र्याला सुई कशाला, असं वाटतं. पण माणसांत जो मधुमेह उतारवयात सर्रास दिसतो, त्यात शरीरात थोडंफार इन्सुलिन तयार होत असतं. कुत्र्यांच्या मधुमेहात बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात. जे तयारच होत नाही, त्याचं काम गोळी कसं वाढवणार? कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी, हे सगळं करून बघणारे लोक मला भेटलेत. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या तीन-चार आठवड्यांत कुत्रा हाडं दिसेपर्यंत वाळतो, उलट्या सुरू होतात, तोंडाला गोडसर, आंबल्यासारखा वास येतो, आणि मग सलाईनवर ठेवायची पाळी येते. लघवीत किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होणारे घातक पदार्थ) आले की घरी थांबायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सुईची भीती वाटणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो, हे 1889 मध्ये स्ट्रासबर्गमध्ये कळलं ते एका कुत्र्यामुळे. पुढे 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजेच इन्सुलिन, टोचून शुगर खाली आणून दाखवली, तीही कुत्र्यांचीच. त्यातल्या मार्जोरी नावाच्या कुत्रीचं नाव आजही घेतलं जातं. माणसाला, टोरांटोतल्याच एका 14 वर्षांच्या मुलाला, हे औषध मिळालं ते नंतर, जानेवारी 1922 मध्ये. ज्या औषधासाठी या जनावरांनी जीव दिले, ते आपल्या दारातल्या कुत्र्याला द्यायला आपण कचरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

लाल टोपी, नारिंगी टोपी

हे मात्र नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असणारं, आणि एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असणारं. सिरिंजही दोन: 40 ची लाल टोपीची, 100 ची नारिंगी टोपीची. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या ताकदीप्रमाणे आखलेल्या असतात. म्हणजे लाल सिरिंजमध्ये 100 चं इन्सुलिन भरलं तर रेघ तीच दिसते, पण अंगात जातं अडीच पट. उलट केलं, 40 चं औषध नारिंगी सिरिंजने भरलं, तर जातं निम्म्याहूनही कमी. मग महिनाभर शुगर हलत नाही आणि दोष डॉक्टरांना.

आमच्याकडे गौरी जेवणाचा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. आदल्या संध्याकाळी इन्सुलिनची बाटली संपत आलेली बघून मी धाकट्या दिरांना दुकानात पाठवलं होतं. तिथे 40 ची बाटली नव्हती. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, तेच आहे." भावजींनी मलाही तेच सांगितलं, "वहिनी, तेच आहे, कंपनीपण तीच." खोकं तसंच दिसत होतं, नाव तेच होतं. सकाळी एका हातात पुरणाचं पातेलं, दुसरीकडे नैवेद्याची घाई. मी लाल टोपीची सिरिंज काढली, पाचाच्या रेघेपर्यंत भरली आणि टोचून मोकळी झाले. चिंगीचं वजन 12 किलो, तिचा डोस 5 युनिट. अंगात गेले साडेबारा.

साडेअकराच्या सुमाराला नणंदेच्या मुलीने हाक मारली, "मामी, चिंगी बघ कशी चालतेय." ती भिंतीला अंग घासत चालली होती. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मान सारखी एका बाजूला झटकत होती, कानाला माशी बसल्यासारखी. हाक मारली तर माझ्याकडे बघेना. मीटर लावला, आकडा आला 31. साठाच्या खाली गेलं की धोका, हे मला माहीत होतं. एकतीस मी कधी पाहिला नव्हता.

मधाची बाटली नैवेद्याच्या ताटाशेजारीच होती. बोटाने हिरड्यांना चोळत राहिले. तोंडात ओतायचं नाही. शुद्ध हरपत असेल तर ते फुप्फुसात जातं. फक्त हिरड्यांना आणि गालाच्या आतून, थोडं थोडं. दहा मिनिटांनी तिने जीभ बाहेर काढली, माझं बोट चाटलं. तेवढ्यात भावजींनी गाडी काढली होती. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज लावलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण एवढा डोस गेलेला असताना मधाने वर आलेली शुगर पुन्हा पुन्हा कोसळते. बाटली कुठली आहे हे तोपर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं. मी खोकं पर्समधून नेलं होतं म्हणून त्यांनी दोन सेकंदांत ओळखलं.

तेव्हापासूनची माझी सवय: बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मगच सुई आत. घरात एकटी असले तरी मोठ्याने. नारिंगी सिरिंज घरात ठेवायचीच नाही. एक जादा बाटली फ्रीजमध्ये कायम, म्हणजे संपायच्या दिवशी कुणाला पळवावं लागत नाही. आणि दुकानदार "तेच आहे" म्हणाला की अजिबात ऐकायचं नाही, चिठ्ठी पुढे करून आकडा दाखवायचा. ताकद बदलायचीच असेल तर ती डॉक्टरांनी बदलायची, सिरिंजसकट.

दुबार इंजेक्शन

सासूबाईंनी दिलं, मला माहीत नाही, मीही दिलं. आमच्याकडे हे एकदाच होता होता राहिलं. त्या दिवसापासून फ्रीजवरच्या कालनिर्णयला दोऱ्याने पेन बांधला. टोचलं की त्याच क्षणी त्या तारखेच्या चौकोनात खूण, सकाळची डावीकडे, संध्याकाळची उजवीकडे. मोबाइलमधल्या आठवणीवर माझा भरवसा नाही. तो ज्याचा त्याच्या खिशात असतो, कॅलेंडर सगळ्यांना दिसतं.

सुई टोचली पण औषध नक्की आत गेलं की केसांत सांडलं, अशी शंका आली तर? पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ शुगर वाढलेली चालते. दुप्पट डोस चालत नाही.

एका आकड्यावर डोस हलवणं

आता त्या फोनकडे येते. इन्सुलिन सुरू केलं की आठवड्यात शुगर जागेवर यावी, अशी घाई सगळ्यांना असते. सकाळी 380 दिसले की संध्याकाळी एक युनिट वाढवलं, दुसऱ्या दिवशी 140 दिसले की दोन कमी केले. असं करणाऱ्यांच्या कुत्र्याला काय लागू पडतंय हे देवालाही कळणार नाही. नव्या डोसला शरीर रुळायलाच आठवडाभर लागतो. मूळ डोस बसवायला महिना-दोन महिने लागणं अगदी नेहमीचं आहे. त्या काळात डॉक्टर बदलला तर नवे डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि महिना फुकट जातो.

आणि 380 का आले, हे एका आकड्यावरून कळतच नाही. डोस कमी पडला म्हणून असेल, किंवा डोस जास्त झाल्यामुळे मध्यरात्री शुगर फार खाली गेली आणि शरीराने स्वतःच ती वर उसळवली, असंही असेल. दुसऱ्या प्रकारात डोस वाढवणं म्हणजे खड्डा आणखी खोल खणणं. म्हणून दिवसभराचा आलेख काढतात: सकाळच्या इंजेक्शनपासून दर दोन तासांनी, पुढच्या इंजेक्शनपर्यंत. कानाच्या पाळीच्या कडेतून एक थेंब रक्त पुरतं. कान आधी तळव्यात धरून गरम करायचा आणि पाळीमागे कापूस धरायचा, म्हणजे सुई आपल्याच बोटात जात नाही. दिवसातला सगळ्यात खालचा आकडा साधारण 80 ते 150 च्या मध्ये असावा, एवढं आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. माणसांचा मीटर कुत्र्याच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, तेही ध्यानात ठेवा. आलेख जमत नसेल तर फ्रुक्टोसामीनची तपासणी करून घ्या. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते.

आकड्याइतकंच पाण्याचं भांडं बोलतं. मी रोज सकाळी मापाने दीड लिटर भरायचे आणि रात्री उरलेलं मोजायचे. भांड्यात जास्त पाणी उरायला लागलं, वजन थांबलं, रात्री लघवीला उठणं बंद झालं, की समजायचं डोस बसतोय. हे पाहायला धीर लागतो. ज्यांना धीर नाही ते दर तासाला कान टोचतात, आणि मग ते बिचारं जनावर मीटरची डबी उघडल्याचा आवाज आला की पलंगाखाली जातं.

बाकीच्या, पटकन

घरात लघवी करतो म्हणून पाणी तोडू नका. पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते असं नाही, लघवीवाटे साखर आणि पाणी जातंय म्हणून तो पितो. पाणी तोडलं तर तो कोरडा पडेल.

आधी इंजेक्शन आणि मग जेवण, असं करू नका. मी आधी ताट ठेवायचे, खाल्लं का बघायचे, दहा मिनिटं उलटी होत नाही ना ते पाहायचे, मग सुई. ताट तसंच राहिलं तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे झाली तर आभाळ कोसळत नाही. रोज तीन तासांनी हलत असेल तर मात्र उपचार चाललेत असं म्हणू नका.

इन्सुलिन फ्रीझरमध्ये नाही, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. ढगाळ इन्सुलिनची बाटली तळहातांत हळू फिरवायची. कोणती बाटली फिरवायची आणि कोणती हलवायची, हे खोक्यातल्या कागदावर असतं. उघडून महिना-दीड महिना झाला की उरलेलं टाकून द्या, दोन इंच औषध शिल्लक दिसलं तरी.

रोज एकाच जागी टोचू नका, तिथे गाठ धरते. मानेपेक्षा छातीच्या नि कुशीच्या बाजूची कातडी चिमटीत धरलेली बरी.

"शुगर फ्री" बिस्किट, गोळी, च्युइंगम कुत्र्याला कधीही नाही. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे: शुगर एकदम कोसळते, यकृतही जाऊ शकतं. मधुमेह आहे म्हणून प्रेमाने शुगर फ्री आणणारे पाहुणे मी दारातच थांबवायचे.

दिवाळीत चकलीचा तुकडा, तळणीतली शेव, मटणाची चरबी, काहीही नाही. स्वादुपिंडाला सूज आली की महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते.

खाज येते म्हणून कुठेही स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. कानाच्या थेंबांतही स्टेरॉइड असतं. नव्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य "याला मधुमेह आहे" हेच.

आणि मादी असेल तर गर्भाशय-बीजांड काढण्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. माजानंतरच्या दोन महिन्यांत जे हार्मोन वाढतं ते इन्सुलिनला काम करू देत नाही. चिंगीचा आजार आम्हाला कळला तो अशाच एका माजानंतर, नवव्या वर्षी. शस्त्रक्रिया आधीच केली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

डोळे जातील, घर हलवू नका

डोस बसला तरी मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, आणि तो पटकन होतो. ते ऐकून खचून जाणारे आणि "आता काय जगणार" म्हणणारे लोक मला सहन होत नाहीत. मोठ्या शहरांत शस्त्रक्रिया होते, ज्यांना जमेल त्यांनी वेळ न घालवता विचारावं. आम्हाला जमलं नाही. चिंगी शेवटची दोन वर्षं आंधळी होती.

तिच्यासाठी आम्ही सोफा, पाण्याचं भांडं, दारातलं पायपुसणं, काहीच जागचं हलवलं नाही. घरात रंगकाम निघालं तेव्हा एकेक खोली रंगवून सामान होतं तसं परत लावलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ती थांबायची, पुढचा उजवा पाय उचलून हवेत एकदा उंची मोजायची, आणि मग पलीकडे टाकायची. साडेसात वाजता फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला की उंबरा ओलांडून ती माझ्या पायाशी येऊन आडवी उभी राहायची, कूस माझ्याकडे करून.