लढाऊ विमानाचं मॉडेल रंगवताय? नागपूरच्या हवेत या चुका टाळा

१/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तरावा भाग) मिग-२१ च्या मॉडेलवर करडा रंग खरखरीत बसला की पहिला संशय एअरब्रशवर जातो. मग नवी सुई येते, मग रंगाची कंपनी बदलते, आणि मे महिन्यातल्या दुपारी तोच खरखरीतपणा पुन्हा हजर. बाटलीवरच्या सूचना आणि बहुतेक व्हिडिओ २०-२५ अंशांची खोली गृहीत धरतात. नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून पावसापर्यंत एसीशिवाय तशी खोली मिळत नाही. ऑगस्टात तापमान उतरतं, पण हवेत पाणी इतकं असतं की वार्निश पांढरं पडतं. म्हणून इथे आधी ऋतूच्या चुका आणि मग हाताच्या.

रंग हवेतच वाळतो

बोट फिरवलं की पृष्ठभाग खरखरतो आणि तिरप्या उजेडात रंगाची पूड बसल्यागत दिसते. थेंब नोझलमधून निघून प्लॅस्टिकपर्यंत पोचेस्तोवर त्यातला थिनर उडून गेलेला असतो. पोचतो तो जवळजवळ कोरडा कण. तो चिकटतो, पण पसरत नाही. अशा वेळी दाब वाढवला तर प्रकरण आणखी बिघडतं, कारण जास्त हवा म्हणजे जास्त वाळवण.

करायचं ते उलट. दाब १२ ते १५ पीएसआयवर आणा आणि अंतर १२-१५ सेंटिमीटरवरून ५ ते ८ वर. तामियाचा अॅक्रिलिक हिवाळ्यात एकास एक पातळ केला तरी चालतो. मे महिन्यात एक भाग रंगाला दोन भाग थिनर लागतो, आणि तोही शक्यतो मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर, कारण त्यात वाळणं लांबवणारा घटक असतो. तामियाच्या साध्या एक्स-२०ए थिनरमध्ये भागवायचं असेल तर वीस थेंबांना एक थेंब रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य, पुरे. त्याहून जास्त घातला तर रंग दोन दिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. वेळ सकाळी सहा ते आठची. ०.३ मिमीच्या सुईच्या टोकावर वाळलेल्या रंगाची गाठ दर दोन-तीन मिनिटांनी जमतेच, म्हणून थिनरमध्ये बुडवलेला जुना ब्रश हाताशी ठेवा आणि गाठ दिसायच्या आत टोक पुसत राहा.

खरखरीत हात बसूनच गेला असेल तर लगेच वरून दुसरा मारू नका. एक दिवस जाऊ द्या, २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, धुवा, आणि मग पातळ हात द्या. खरखर वार्निशखाली लपते हा भ्रम आहे. वॉश (सांध्यांत उतरवायचा अगदी पातळ गडद रंग) टाकला की प्रत्येक कणाभोवती काळं कडं उमटतं.

व्हॅलेहोवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तो पाण्यावरचा रंग आहे, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं की तो फाटतो आणि नोझलमध्ये रबरासारखी गुठळी अडकते. तामियाला चालतं ते व्हॅलेहोला चालेलच असं नाही. त्यांचा एअरब्रशसाठीचा मॉडेल एअर बाटलीतूनच पातळ येतो, तरी इथल्या उन्हाळ्यात त्याला कंपनीच्याच फ्लो इम्प्रूव्हरचे दोन-चार थेंब लागतात. मॉडेल कलर हा मुळात ब्रशने लावायचा रंग. तो तसाच कपात ओतणाऱ्याची दुपार एअरब्रश खोलण्यात जाते.

कूलर

यावर स्वतंत्र लिहावं लागतं, कारण हा आपल्याकडचा खास घोळ. चालू कूलरसमोर रंग मारला की तीन गोष्टी एकदम होतात: झोत फवाऱ्याला वाकवतो, धूळ आणि खसाचे तंतू ओल्या रंगात येऊन बसतात, आणि बंद खोलीतली आर्द्रता भराभर चढते. नुसता पंप बंद करून पंखा चालू ठेवणं पुरेसं नाही, टट्ट्या बराच वेळ ओल्याच असतात. कूलर पूर्ण बंद करा, अर्धा तास थांबा, फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसू द्या, मग सुरुवात करा. छतावरचा पंखाही बंद.

उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिक कोरड्या कापडाने पुसलं की त्यावर विद्युतभार येतो आणि पुसलेली धूळ तिथेच परत येते. मायक्रोफायबरचं कापड ओलसर करून एकदा फिरवा. त्याआधी, जोडणी सुरू करण्यापूर्वी, सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सगळ्या प्लॅस्टिक फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून धुतलेल्या असाव्यात. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल राहिलं तर मास्किंग टेपबरोबर प्रायमरचे पोपडे निघतात.

रंगवलेलं मॉडेल लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका. गडद पृष्ठभाग हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि पातळ पंख, पिटो नळी, अँटेना वाकायला तेवढं पुरतं. बंद गाडीत तर मुळीच नको.

पावसाळ्यातली पांढरी झाक

लॅकर किंवा मॅट वार्निश मारलं आणि दोन मिनिटांत विमानावर दुधट पडदा आला, तर रंग खराब नाही. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि ओल्या हवेतलं पाणी त्यावर सुटून थरात अडकतं. पंचवीस दिवस थांबूनही ते आपोआप जात नाही. लेव्हलिंग थिनर नुसताच, रंगाविना, १० सेंटिमीटरवरून अगदी हलका फवारा. थर पुन्हा थोडा विरघळतो आणि पाणी निघून जातं. एका झटक्यात भिजवू नका, नाहीतर खालचा डिकलही (पाण्यात भिजवून चिकटवायचं चिन्ह) विरघळेल. मॅट वार्निशची पांढरी झाक मात्र दोन कारणांनी येते. दुसरं कारण म्हणजे बाटली नीट न हलवणं: मॅट करणारी पूड तळाशी असते, वरचं पातळ आधी वापरलं जातं आणि शेवटी राहिलेलं दाट मिश्रण गडद रंगावर राखेसारखं बसतं. बाटली पूर्ण दोन मिनिटं हलवा.

ओल्या दिवसांत कॉम्प्रेसरचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) दर पंधरा मिनिटांनी रिकामा करा. रंगात मध्येच पाण्याचा गोल डाग उमटला तर ती एअरब्रशची चूक नाही, ट्रॅप भरला आहे. पाऊस चालू असताना लॅकर टाळाच. त्या संध्याकाळी डिकल लावा किंवा कॉकपिटचं हातकाम करा.

“भाऊ, थिनर द्या”

इतवारीच्या हार्डवेअर दुकानात एवढंच सांगितलं तर हातात बहुधा एनसी थिनर पडतो. गाड्या आणि फर्निचरच्या लॅकरसाठी तो ठीक, पण पॉलिस्टिरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, तो सरळ विरघळवतो. पॅनेल लाईनी (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) गोल होतात, रिव्हेट नाहीसे होतात. त्याचा उपयोग एवढाच: एअरब्रशचे धातूचे भाग धुणे, तेही रबरी रिंगा काढून. वॉश पुसायला हवं ते टर्पेंटाईन, म्हणजे रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन, किंवा कलासाहित्याच्या दुकानातलं वास कमी असलेलं. नवी बाटली आणली की आधी रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर थेंब टाकून दहा मिनिटं पाहा. तुकडा चिकट झाला तर ती बाटली मॉडेलजवळ आणू नका.

तामियाच्या एक्स-२० आणि एक्स-२०ए या बाटल्यांत एका अक्षराचा फरक आहे आणि कामात जमीन-अस्मानाचा. पहिली इनॅमलसाठी, दुसरी अॅक्रिलिकसाठी. ऑनलाईन मागवताना यात सर्रास घोटाळा होतो.

लॅकर मारताना कापडी मास्क निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफा शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क, उघडी खिडकी, आणि त्या खोलीत देवाजवळचा दिवासुद्धा पेटता नको.

टेप आणि डिकल

गाड्यांच्या रंगकामाचा टेप स्वस्त पडतो, पण त्याचा गोंद उन्हाळ्यात दोन दिवसांत मॉडेलवरच राहतो. तामियाचा टेपही आधी काचेवर दोनदा चिकटवून काढा. टेपच्या कडेखाली रंग शिरू नये यासाठी सोपा उपाय आहे: कडेवर आधी खालचाच रंग पातळ मारा. जे शिरायचं ते त्या रंगाने शिरून फट बंद होते, मग वरचा रंग. टेप काढताना वर ओढू नका, स्वतःवर दुमडून मागे घ्या, आणि त्याच दिवशी काढा.

डिकलच्या आत चंदेरी चमक दिसते ती हवेची. मॅट पृष्ठभागाच्या खाचखळग्यांवर फिल्म टेकते आणि खाली हवा राहते. म्हणून डिकलआधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात आणि चोवीस तास. चमक आलीच तर बारीक सुईने टोचून डिकल मऊ करणाऱ्या मायक्रो सोलचा थेंब सोडा, फिल्म सुरकुतली तरी हात लावू नका. ती आपोआप बसते. घाबरून बोटाने दाबणाऱ्यांचेच राउंडेल (वायुसेनेची गोल चिन्हं) फाटतात. डिकलवर पुन्हा ग्लॉस, मग वॉश, मग मॅट. हा क्रम मोडून मॅटवर वॉश टाकला की तो पॅनेल लाईनीत न जाता सगळीकडे पसरतो आणि कडेला पाण्याच्या डागासारखी रेघ सोडतो.

वॉश: इथे सगळ्यात जास्त मॉडेलं बिघडतात

फिकट करड्या विमानावर काळा वॉश घालू नका. बायसनच्या (मिग-२१ ची सुधारित आवृत्ती) करड्यावर तो शाईने आखल्यासारखा दिसतो. कॅमलच्या ऑइल कलरमधला पेन्स ग्रे आणि थोडा बर्न्ट अंबर घ्या. आधी अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवा म्हणजे जवसाचं तेल शोषलं जाईल. ते राहिलं तर वॉश आठवडाभर वाळत नाही. मग एका भागाला साधारण दहा भाग टर्पेंटाईन. सांध्यावर टोक टेकवा, बाकी तो आपणच धावतो. हिवाळ्यात वीस-तीस मिनिटांनी पुसायचा वॉश मे महिन्यात पाच-दहा मिनिटांतच धरतो, म्हणून एका वेळी अर्धाच पंख घ्या. उशीर झाला तर बड किंचित ओला करून पुसा. भिजलेला बड लाईनीतलंही काढून घेतो. कोऱ्या प्लॅस्टिकवर टर्पेंटाईनचं तळं होऊ देऊ नका, ताणाखालच्या जागा, विशेषतः लँडिंग गिअरचे पाय, तडकतात.

पुसायची दिशाही ठरलेली आहे: पंखावर पुढून मागे, हवा वाहते तशी. लँडिंग गिअरच्या दारांवर वरून खाली. उडताना घाण मागे ओढली जाते, उभ्या विमानातून तेल खाली ओघळतं, आणि फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, बाजूवर दोन्ही प्रकारचे फराटे असू शकतात. पण प्रत्येक फराटा कुठून तरी निघाला पाहिजे: बिजागर, पॅनेलची कड, भरण्याचं झाकण. अधांतरी सुरू होणारा फराटा ही नवशिक्याची खूण.

चंदेरी ओरखड्यांचंही तेच. तेजसच्या पंखावर रंग उडून अॅल्युमिनियम दिसतंय असं रंगवलेलं मॉडेल दिसतं तेव्हा राहवत नाही. तेजसचा बाहेरचा ९० टक्क्यांवर पृष्ठभाग कार्बन कंपोझिटचा आहे, खरवडला तरी चंदेरी निघणार नाही. मिग-२१ च्या हवाद्वारातला शंकू हा रडारचं आवरण आहे आणि शेपटीचं टोकही धातूचं नाही, तिथे चंदेरी पेन्सिल चालवू नका. धातूचं विमान असलं तरी ओरखडे सर्वत्र सारखे नसतात. तंत्रज्ञ चढतात तिथे, म्हणजे पंखाच्या मुळाशी आणि कॉकपिटच्या कडेला. वारंवार उघडणाऱ्या झाकणांच्या स्क्रूभोवती. पंखाच्या पुढच्या कडेवर. मऊ स्पंजच्या तुकड्याने टिपके द्या, रेघा नकोत. १/७२ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा टिपका म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरचा पोपडा. तेवढा पोपडा घेऊन उडणारं विमान शांततेच्या काळात क्वचितच सापडेल.

भारतीय विमानं आपण गरजेपेक्षा जास्त मळवतो असं माझं ठाम मत आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच वायुसेना नगरात आहे, आणि या कमांडच्या ओझरसारख्या डेपोंमधून ओव्हरहॉल होऊन निघालेलं विमान जवळजवळ कोरं असतं. उलट १९७१ च्या युद्धातल्या मिग-२१एफएलवर तळावर घाईने चढवलेला कॅमोफ्लाज असमान दिसलाच पाहिजे. आधी कोणतं वर्ष, कोणता तळ हे ठरवा, त्या वर्षाचा फोटो समोर ठेवा, मगच ब्रश उचला.

बायसनच्या पोटाखाली जीएसएच-२३ ही दुनळी तोफ असते. तिच्या तोंडामागे काजळी हवी, पण निव्वळ काळी नको. काळ्यात एक तृतीयांश तपकिरी घालून ९० टक्के थिनर, १० पीएसआय, आणि तोंडापासून मागे विरळ होत जाणारे तीन-चार फवारे. इंजिनाच्या नोझलभोवतीच्या उघड्या धातूवर वाळल्या गवतासारखी पिवळसर, तपकिरी आणि निळसर कडी पारदर्शक रंगांनी, एकावर एक, प्रत्येक आधीपेक्षा अरुंद. एकदम निळा मारला तर तो भाग मोटारसायकलच्या सायलेन्सरवरचा क्रोम वाटतो.

कोरडी पिगमेंट पावडर अगदी शेवटी, मॅट वार्निशनंतर. आधी लावली तर वार्निशचा पहिला हात तिचा अर्धा रंग गिळतो. तिच्यावर बोट लागलं की ठसा उमटतो, म्हणून चाकांवर लावायची असेल तर मॉडेल स्टँडवर चढवल्यावर लावा. धावपट्टीची धूळ टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर आणि ब्रेकच्या बाजूला, चकतीच्या मधोमध नाही.